बोटीवरचा दिवा

१

हेमांगीच्या घरातल्या मागच्या खोलीला सगळे ‘दवाखाना’ म्हणत. नाव ठेवलं होतं तिच्या नवऱ्यानं, अल्पेशनं, आणि तेही चेष्टेनं. पण नाव चपखल बसलं. मालिकांच्या सेटवर भाड्यानं गेलेली झाडं परत यायची तेव्हा त्यांची अवस्था खरोखर ॲडमिट करण्यासारखीच असायची. मढच्या बंगल्यांत शूटिंग चालतं. तिथे श्रीमंत सासूच्या दिवाणखान्यात जो पाम दिमाखात उभा दिसतो ना, तो पंधरा-पंधरा दिवस पाण्यावाचून उभा असतो. युनिटमधली माणसं त्याच्या कुंडीत चहाचा गाळ ओततात, थोटकं विझवतात, आणि एकदा तर कुणीतरी अर्धी अंडाभुर्जी टाकून मोकळं झालं होतं. हेमांगी ती झाडं टेम्पोतून परत आणायची, पुसायची, छाटायची, आणि महिनाभरात टवटवीत करून दुसऱ्या सासूकडे पाठवायची.

अडचण एकच, उजेडाची. अंधेरीतलं त्यांचं घर तळमजल्यावर. मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर हात लांब केला तर शेजारच्या नव्या टॉवरची भिंत लागायची. भर दुपारी बारालासुद्धा त्या खोलीत दिवा लावल्याशिवाय पाय ठेवता येत नसे. म्हणून तिनं लोखंडी मांडण्यांवर झाडांसाठीच्या एलईडी पट्ट्या लावल्या होत्या, त्या गुलाबी-जांभळ्या उजेडाच्या. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार यांनी तो उजेड पॅसेजमधून पाहिला आणि विचारलं, “काय वहिनी, बार उघडलात की काय?” हेमांगीनं त्यांना पीस लिलीची एक कुंडी भेट दिली. त्यानंतर बारचा विषय निघाला नाही.

सकाळी सहाला टायमर दिवे लावायचा, रात्री आठला विझवायचा. मध्ये एक काम न चुकता करावं लागे. झाडं उजेडाकडे झुकतात, म्हणून रोज सकाळी प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवायची. नाहीतर सगळी एकाच बाजूला वाकडी होतात, आणि वाकडं झाड सेट सजवणारे आर्टवाले घेत नाहीत.

साडेबाराला रुचिका शाळेतून यायची. दुसरीतली पोर. जेवून झालं की लाल प्लास्टिकचं स्टूल ओढून मागच्या खोलीतच अभ्यासाला बसायची, कारण आई तिथे असायची. दोन गर्भपातांनंतर झालेली ही मुलगी. हेमांगीला झाडं पोटासाठी लागत होती. जीव होता तो त्या स्टुलावर बसलेल्या पोरीत.

२

ऑक्टोबरात एका मांडणीच्या पट्ट्या जळाल्या. नव्या यायला तीन-चार आठवडे लागतील असं दुकानदार म्हणाला, आणि इकडे लग्नाच्या सीनसाठी चाळीस झाडांची ऑर्डर येऊन पडलेली. हेमांगीनं डोक्याला हात लावला.

“वाट लागली माझी. अंधारात झाडं कशी धरणार रे मी?”

“थांब जरा, करतो काहीतरी,” अल्पेश म्हणाला. तो विमानतळावर इलेक्ट्रिशियन होता. जगातल्या कुठल्याही गोष्टीला दोन वायरी जोडता येतात अशी त्याची श्रद्धा होती.

रविवारी तो मढच्या कोळीवाड्यात वडिलांच्या घरी जाऊन आला तो गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड घेऊन. नारळाएवढ्या जाड काचेचा, स्टीलच्या पिंजऱ्यातला दिवा. त्याच्या चुलतभावाचा, विपुलचा. विपुल भागीदारीतल्या बोटीवर हे असले दिवे पाण्यात सोडून मासेमारी करायचा. त्या मासेमारीला बंदी आहे, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मत्स्य खात्याची गस्त वाढली, तसे विपुलनं दिवे काढून माळ्यावर टाकले होते.

“झाडांना चालेल?”

“पांढराशुभ्र उजेड आहे, सूर्यासारखा. मासे येतात, तर झाडांना काय धाड भरलीय?” अल्पेशनं प्लगबिग काही न लावता वायर थेट खोलीच्या बोर्डात घातली. “फक्त बाबांना बोलू नकोस हं. विपुलच्या त्या धंद्याचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं.”

बाबा म्हणजे भिकाजी, अल्पेशचे वडील. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. विपुलच्या बोटीवर जाणता तांडेल, बोट हाकणारा म्होरक्या, हवा म्हणून ते तीन फेऱ्या गेले होते. तिसऱ्या फेरीहून आले आणि पुन्हा त्या बोटीकडे फिरकले नाहीत. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिवा लागला. खोली अशी काही उजळली की हेमांगीला कोपऱ्यातली जळमटं बघून लाज वाटली. काचेला जरा खारट वास येत होता, इतकंच. “झकास,” ती म्हणाली, आणि चाळीस कुंड्या तिनं त्या दिव्याभोवती लावल्या.

३

दहा-बारा दिवस झाडांनी अंग धरलं. रबर प्लांटला तर रोज नवं पान. मग एका सकाळी कुंड्या फिरवताना तिचा हात थबकला.

मांडणीच्या मधोमध, दिव्याच्या अगदी समोर ठेवलेल्या तीन कुंड्या पिवळ्या पडल्या होत्या. देठ लांब, बारीक, लुळे झालेले. हेमांगीनं आयुष्यात शेकडो मरतुकडी झाडं पाहिली होती. कोणतं झाड कशानं आजारी आहे हे ती पान बघून सांगायची. जास्त उजेडानं पान भाजतं, त्याची कड तपकिरी होते, कुरकुरते. हे तसं नव्हतं. उजेड अजिबात न मिळालेलं झाड असं दिसतं. पलंगाखाली महिनाभर विसरलेल्या कांद्याला कोंब फुटतात ना, तसं.

आणि ही झाडं दिव्यापासून हातभर अंतरावर होती.

माती खराब असेल, मुळं कुजली असतील, असं म्हणत तिनं त्या तीन कुंड्या कडेला ठेवल्या आणि तिथे तीन ठणठणीत कुंड्या आणून ठेवल्या. आठवड्यानं पाहिलं, तर कडेला ठेवलेल्या सुधारल्या होत्या आणि ठणठणीत होत्या त्या पिवळ्या पडल्या होत्या.

शेजारच्या कुंड्यांकडे तिचं तेव्हा लक्ष गेलं. डावीकडची झाडं डावीकडे वाकली होती, उजवीकडची उजवीकडे. नाटकाला आपल्यापुढे एखादा धिप्पाड माणूस येऊन बसला की मागचे लोक माना वाकड्या करून त्याच्या बाजूनं बघतात, तशी ती झाडं मधल्या कशाला तरी चुकवून दिव्याकडे बघत होती.

मध्ये काहीच नव्हतं. तिनं हात फिरवून पाहिला. हातावर लख्ख उजेड पडला.

“आई,” स्टुलावरून रुचिका म्हणाली, “त्या बाजूला थंडी वाजते ना?”

“कुठल्या बाजूला?”

रुचिकानं वहीतून डोकं वर न काढता पेन्सिलीनं दाखवलं. हेमांगीनं जिथे हात फिरवला होता तिथेच.

“पंख्याचा वारा लागत असेल,” हेमांगी म्हणाली. पंखा बंद होता. तिनं स्टूल उचललं आणि दाराजवळ ठेवलं.

४

हेमांगी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. एका नर्सरीवाल्यानं तिला उजेड मोजायचं ॲप सांगितलं होतं. मोबाइल जिथे धराल तिथे किती उजेड पोचतो त्याचा आकडा दाखवतं. आकडा कधी खोटं बोलत नाही, असं तिला वाटायचं. तिनं मोबाइल मांडणीवरून फिरवायला सुरुवात केली.

नऊ हजार. आठ हजार आठशे. नऊ हजार दोनशे. मग हात मध्यावर आला आणि आकडा धपकन खाली आला. एकशे दहा.

तिनं हात मागे घेतला, नऊ हजार. पुढे नेला, एकशे दहा. डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. मोबाइल दोन्हीकडे सारखाच चमकत होता.

संध्याकाळी अल्पेश आला तेव्हा तिनं त्याला दाखवलं. तो हसला, “तुझा फोन गंडलाय,” म्हणाला आणि स्वतःचा फोन काढला. त्यावरही एकशे दहा. तो पुन्हा हसला, पण या वेळचं हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

“दिव्याच्या लेन्समध्ये काही असेल. काच जुनी आहे.”

“लेन्सच्या दोषाची जागा बदलते का रे?”

“म्हणजे?”

तिनं त्याला मागची भिंत दाखवली. दुपारभर ती हेच करत बसली होती. मोबाइल भिंतीवर टेकवायचा, आकडा जिथे पडेल तिथे पेन्सिलीनं टिंब काढायचं. टिंबं जोडत जोडत एक आकार निघाला होता. खाली रुंद, जमिनीला टेकलेला. वर जाता जाता निमुळता. छातीच्या उंचीपर्यंत तिनं टिंबं जोडली होती. त्याच्या वरची टिंबं तिनं काढली होती, पण जोडली नव्हती. कारण वरचा भाग सरळ वर जात नव्हता. तो वाकला होता, आदल्या दिवसापर्यंत रुचिकाचं स्टूल जिथे असायचं, त्या बाजूला.

“उद्या काढून टाकू दिवा,” अल्पेश म्हणाला. “उद्या मला सकाळची ड्यूटी आहे. चारला आलो की पहिलं ते काम.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमांगीनं पुन्हा मोबाइल भिंतीला लावला. टिंबांच्या आत आकडा नऊ हजार होता. तिला एकदम हलकं वाटलं. सुटलो, असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा. मग सवयीनं तिनं हात पुढे सरकवला. टिंबांपासून दोन हात अलीकडे, दाराच्या बाजूला, आकडा पडला. तिथे दाराजवळच्या स्टुलावर बसून रुचिका सातचा पाढा लिहीत होती.

५

अल्पेशला फोन लागेना. ड्यूटीवर त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात. चार वाजायला दीड तास होता. हेमांगीला दीड मिनिटही थांबवेना.

रुचिकाला बाहेर काढून दार लावून घ्यावं, असं तिच्या मनात आलं. पण दार लावून घेतलं तरी दिवा आत जळतच राहणार, आणि त्या दिव्यापाशी जे काही आहे ते घरातच राहणार. नाही, दिवाच नको. वायर थेट बोर्डात घातलेली, म्हणजे खोलीचा मेन स्विच पाडून, स्क्रू सोडवून ती बाहेर काढावी लागणार. मेन पाडला की खोलीत काळोख. हात दोनच, आणि दोन्ही हातांना काम.

“रुचे,” ती म्हणाली, “इकडे ये. उंबऱ्यावर उभी राहा आणि माझ्या मोबाइलचा टॉर्च धर. हलवू नकोस हं.”

रुचिकाला कामाला लावलं की आनंद व्हायचा. दोन्ही हातांत मोबाइल धरून ती शहाण्यासारखी उंबऱ्यावर उभी राहिली. टॉर्चचा गोल बोर्डावर पडला. हेमांगीनं मेन स्विच पाडला.

सगळं एका झटक्यात काळं झालं. पट्ट्या, मोठा दिवा, सगळं. आणि त्याच क्षणी मांडणीवरची पानं सळसळली. एका टोकापासून नव्हे. खोलीच्या मधून सुरू होऊन दाराकडे. पाऊलवाटेनं कुणी झुडपांना घासत घाईनं जावं, तशी ती सळसळ हेमांगीच्या पाठीमागून गेली. तिच्या दंडावर गार काहीतरी आलं आणि गेलं.

“आई, टॉर्च बिघडला.”

हेमांगीनं वळून पाहिलं. टॉर्च लागलेला होता. रुचिकाच्या मुठीत तो पांढरा ठिपका दिसत होता. पण त्याचा उजेड बोर्डापर्यंत येत नव्हता, रुचिकाच्या स्वतःच्या तोंडावरही पडत नव्हता. ठिपका होता, उजेड नव्हता.

तिनं स्क्रू सोडवायच्या ऐवजी वायर हिसडा मारून उपटली, पोरीला उचललं आणि बाहेरच्या खोलीत आली. मोबाइल बघितला. बॅटरी एक्याऐंशी टक्के. रुचिकाचे हात बर्फासारखे गार होते.

“घाबरलीस?”

“नाही,” रुचिका म्हणाली. “तूच घाबरलीस.”

६

दिवा त्याच संध्याकाळी पुन्हा गोणपाटात गेला. अल्पेशनं तो घरात ठेवलाच नाही, बाहेर उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत घालून कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दिवशी मढला विपुलच्या माळ्यावर परत टाकून आला. चार दिवसांनी नव्या पट्ट्या आल्या. पिवळ्या कुंड्यांना हिरवे कोंब आले. झाडं आता सरळ पट्ट्यांच्या उजेडाकडे झुकत होती. हेमांगीनं खोलीभर मोबाइल फिरवला. कुठेही आकडा पडत नव्हता. चाळीस झाडांची ऑर्डर गेली, पैसेही आले. नवरा-बायकोनं त्या गोष्टीचा विषय काढायचा नाही असं न बोलता ठरवून टाकलं. माणसं असंच करतात. संकट दाराबाहेर गेलं की ते कुठे गेलं, असं कुणी विचारत नाही.

पंधरा दिवसांनी शाळेतून बाईंचा फोन आला. रुचिका सारखी खिडकीजवळ बसायला मागते. डोळे तपासून घ्या, फळा दिसत नाही म्हणते, अंधार आहे म्हणते.

चष्म्याच्या दुकानात डोळे उत्तम निघाले.

मग हेमांगी नीट बघायला लागली, आणि बघितलं ते तिला आधीच दिसायला हवं होतं म्हणून स्वतःचीच चीड आली. जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म गुडघ्याच्या वर चार बोटं गेला होता. मनगटं बाहीच्या बाहेर आली होती. पोर एकदम उंच झाली होती, पण उंची सुदृढ मुलाची नव्हती. हातपाय काड्या, मान बारीक, आणि कातडीखाली पिवळट पांढरा रंग. जेवताना ती ताटावर न वाकता एका बाजूला कलून बसायची, पुढच्या खिडकीकडे. सरळ बसवलं तरी पाच मिनिटांत पुन्हा कलायची.

“अशी वाकडी का बसतेस, बाळा?”

“मध्ये येतं ना,” रुचिका म्हणाली, आणि भाताचा घास घेतला.

हेमांगीनं हातातली वाटी खाली ठेवली. ती स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडली. हे झाड तिला ओळखू येत होतं. आयुष्यभर तिनं हेच बघितलं होतं. आणि टॉर्च त्या पोरीच्या हातात तिनंच दिला होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. बाकी सगळं ठीक होतं. फक्त ड जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. “इतकं कमी मी कधी पाहिलं नाही,” ते म्हणाले. “मुलीला कोंडून ठेवता का तुम्ही? रोज अकरा ते एक उन्हात बसवा. गच्ची नसेल तर कुठे मोकळ्यावर न्या.”

मोकळं ऊन म्हटलं की त्यांना एकच जागा माहीत होती, मढचा किनारा. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून अल्पेशनं दोघींना मढला जायला वेसाव्याच्या जेट्टीवर आणलं. फेरीबोटीत सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले होते. रुचिका डोळे सताड उघडे ठेवून पाण्याकडे बघत होती.

७

भिकाजी ओट्यावर जाळं विणत बसले होते. नातीला बघून ते उठले, तिच्या हनुवटीला बोटं लावली, आणि त्यांचा हात तिथेच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी अल्पेशला दुकानात पाठवलं, रुचिकाला भाकरीचा तुकडा देऊन आत बसवलं, आणि सुनेला म्हणाले, “बोल आता.”

हेमांगीनं काहीच लपवलं नाही. दिवा, पिवळ्या कुंड्या, टिंबं, सगळं सांगितलं. दिव्याचं नाव निघताच ते चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. ते घाबरले.

“बाबा, तुम्ही त्या बोटीवर काय बघितलंत?”

“बघितला असता तं बरा व्हता,” भिकाजी म्हणाले. “ऐक. पान्यात दिवा सोडला का पयला बारका येतो. जवला, मांदेली. दिव्याभोवती नाचतो नुसता. त्याच्या मागं त्याना खानारा येतो. त्याच्या मागं त्याला खानारा. पन सगल्यात मोठा हाय तो उजेडात येत नाय. उजेड संपतो ना, तिथं कडेला उभा ऱ्हातो. त्याला उजेड नको असतो गो पोरी. उजेडाला जमलेला बारका हवा असतो.”

आतून रुचिकाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. हेमांगीनं दाराकडे मान वळवली आणि परत सासऱ्यांकडे पाहिलं.

“मग मासे धरता कसे?”

“दिवा मंद करायचा. हलूहलू. मंद व्हयाला लागला का बारका घाबरतो, एकमेकाला चिकटतो, उरल्या उजेडात सगल्यांचा मिलून एक गोला व्हतो. मंग खालून जालं वढायचं. एक पन सुटत नाय.” त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. “एकदम कदी इझवायचा नाय. एकदम इझवला तं बारका उधलतो, जवल दुसरा उजेड दिसंल तिकडं पलतो. आनि कडेला उभा हाय तो त्याच्या मागं जातो. तू कसा इझवलास?”

“एकदम,” हेमांगी म्हणाली. “मेन स्विच पाडला.”

“मंग दुसरा उजेड कुटं व्हता?”

हेमांगीनं आत रुचिकाकडे बोट दाखवलं.

भिकाजींनी दर्याकडे नजर वळवली. “दिवा परत पान्यात नेऊ,” ते म्हणाले. “आज रातीच नेतो मी. पेटता नेतो. मागं आला तं आला.” पण हे ते तिच्यासाठी म्हणत होते. स्वतःचा त्यावर विश्वास नसावा, कारण बोलताना त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

८

बारा वाजले होते. आभाळात औषधालाही ढग नव्हता. वाळूवर बांबूंच्या ओळींवर बोंबील वाळत होते, आणि त्यांच्यावर ऊन असं तळपत होतं की नजर ठरत नव्हती. राखणीला बसलेल्या बायकांनी डोक्यावर पदर ओढून घेतले होते. हेमांगीनं चटई अंथरली. डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग बसायचं. दुसरं काय हातात होतं?

वाळू चटईतूनही चटका देत होती. रुचिका मांडी घालून बसली, एका बाजूला कलून. हेमांगीनं तिच्या केसांना लावायला तेलाची बाटली उघडली आणि टाळूवर हात ठेवला.

टाळू गार होती. ओली नव्हे, तापाची नव्हे. सावलीत पडलेला दगड असतो तशी. हेमांगीनं स्वतःच्या केसांना हात लावला. पोळला. पुन्हा पोरीच्या. गार.

“आई, आपण उन्हात कधी जायचं?” रुचिकानं विचारलं.

हेमांगीनं तिला उचललं आणि पळत सुटली. बोंबलांच्या ओळींकडे, बायकांकडे, जिथे ऊन दिसत होतं तिकडे. पायाखालची वाळू तापलेल्या तव्यासारखी होती, आणि पाच-सहा पावलांत ती गार झाली. ती उजवीकडे वळली, वाळू गार. ती थांबली. वीस हातांवर बायका घाम पुसत होत्या. त्यांच्यातली एक कपाळावर आडवा हात धरून कुतूहलानं हिच्याकडे बघत होती, आणि हेमांगीला त्या बाईचा इतका हेवा वाटला की रडू फुटलं.

मग तिनं वर पाहिलं.

माणसाला भर बाराच्या सूर्याकडे बघता येत नाही. हेमांगीनं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं नाही, पापणी मिटली नाही. सूर्य होता, जिथे असतो तिथेच, गोल, पांढरा. बुडालेल्या माणसाला पाण्याच्या तळातून दिसावा तसा. त्याच्या खालच्या कडेला काहीतरी टेकलं होतं. ते ढगासारखं सरकत नव्हतं. ते कलून खाली बघत होतं, एवढंच तिला कळलं, आणि तिनं नजर काढून घेतली.

“हेमा!” ओट्यावरून भिकाजी धावत येत होते. या वयात, अनवाणी. “पोरी, तिला खाली ठेव! चिकटू नको तिला! लांब व्हा एकमेकींपासून!”

हेमांगीला शब्द न् शब्द ऐकू आला. त्याचा अर्थही कळला. तिनं रुचिकाभोवतीचा आपला हात सोडवायला सुरुवात केली.

“आई, अंधार होतोय,” रुचिका म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती होती. काड्यांसारखे हात तिनं आईच्या मानेभोवती आवळले.

उजेड कमी होत होता. एकदम नाही, हळूहळू. भिकाजी ओरडत होते, पायाखालची वाळू कुणी खालून जाळं ओढावं तशी हलत होती, आणि हेमांगीनं मुलीला छातीशी घट्ट, आणखी घट्ट धरलं.